द्रुत सुरू झाली की आवाज का फाटतो? परवडणाऱ्या टर्नटेबलसाठी कार्ट्रिज आणि टोनआर्म

प्रश्न सांगलीहून आला आहे. वडिलांच्या मागे घरात दीडशेच्या आसपास रेकॉर्ड्स उरल्या आहेत. बहुतेक ख्यालगायनाच्या एलपी, काही नाट्यसंगीताच्या, भावगीतांच्या ४५च्या छोट्या ईपी आणि आजोबांच्या वेळच्या दहाबारा ७८च्या तबकड्या. वर्षापूर्वी त्यांनी एक परवडणारं डायरेक्ट ड्राइव्ह टर्नटेबल घेतलं. टोनआर्म (पिन रेकॉर्डवर धरणारा दांडा) एस आकाराचा, त्याच्या टोकाचं हेडशेल फिरवून निघतं, मागे वजन, बाजूला अँटिस्केटची (आर्मची आतली ओढ रोखणारी) चकती. कार्ट्रिज, म्हणजे पिनेची थरथर विजेत बदलणारा भाग, सोबत आलेलीच, साध्या गोल पिनेची. विलंबित छान वाजतं. पण बाजू संपत आली, द्रुत सुरू झाली, ताना आल्या की आवाज घोगरा होतो आणि 'स' फसफसतो. दुकानदार म्हणतो, आर्म हलक्या दर्जाचा आहे, वरचं टर्नटेबल घ्या. नाहीतर मूव्हिंग कॉइल (पिनेसोबत तारेची गुंडाळी हलते अशी) कार्ट्रिज बसवा. फार पैसे घालता येणार नाहीत. मग करावं काय?

ताई, टर्नटेबल बदलू नका. आर्मही बदलू नका. या किमतीच्या टर्नटेबलवर तो अंगचाच असतो. तो काढून दुसरा बसवायचा तर नव्या टर्नटेबलइतका खर्च येईल. तुमचं दुखणं दोन जागी आहे: पिनेच्या टोकाचा आकार आणि ती पिन हेडशेलमध्ये बसवली कशी आहे ते. दोन्ही सुधारता येतं, आणि दुसरं तर जवळजवळ फुकटात. मी तीस वर्षं रेकॉर्ड प्लेअर दुरुस्त करतो आणि लावून देतो. 'आवाज फाटतो' म्हणून जी टर्नटेबलं माझ्याकडे येतात, त्यांतल्या बऱ्याचशांची कार्ट्रिज मी बदलतच नाही. काढतो, नीट बसवतो आणि परत देतो.

आधी कारण समजून घ्या, म्हणजे पैसे कुठे घालायचे ते तुमचं तुम्हालाच कळेल. रेकॉर्ड मिनिटाला ३३ १/३ फेरे घेते, पिन कडेला असो की लेबलाजवळ. पण कडेचा फेरा मोठा आणि आतला लहान. केंद्रापासून १४६ मिलिमीटरवर, बाजू सुरू होते तिथे, पिनेखालून सेकंदाला ५१ सेंटिमीटर चर सरकते. ६० मिलिमीटरवर, बाजू संपते तिथे, फक्त २१ सेंटिमीटर. म्हणजे एका सेकंदाचं गाणं बाहेर जेवढ्या जागेत ऐसपैस बसलं होतं, त्याच्या निम्म्याहून कमी जागेत आत कोंबलेलं असतं. 'स'ची धार, तंबोऱ्याच्या जवारीतली झणक, तबल्याच्या किनारीचा टणत्कार हे सगळं वरच्या पट्टीत, ८-१० हजार हर्ट्झच्या आसपास असतं. १० हजार हर्ट्झची एक लहर बाहेरच्या चरीत ५१ मायक्रॉन लांब असते, आतल्या चरीत २१. आणि साध्या गोल पिनेच्या टोकाची त्रिज्या असते १५ ते १८ मायक्रॉन. एवढं जाड टोक एवढ्याशा वळणात शिरू शकत नाही. ते वळणाच्या माथ्यांवरून घसरत जातं, आणि तीच घसरण आपल्याला घोगरेपणा म्हणून ऐकू येते.

आता यात आपल्या संगीताची एक खास अडचण आहे. गाण्यांची एलपी असेल तर बाजूच्या शेवटी एखादं शांत गाणं ठेवून वेळ मारून नेता येते, आणि परदेशात निर्माते ते मुद्दाम करायचे. ख्यालात ती सोय नाही. विलंबित आधी, द्रुत नंतर. रागाची चढण शेवटाकडेच जाते. वादनाच्या एलपीत झाला शेवटी येतो. म्हणजे सगळ्यात वेगवान, सगळ्यात जोरकस संगीत रेकॉर्डच्या सगळ्यात अरुंद जागेत सापडतं. शिवाय बाजू वीस-बावीस मिनिटांची असली की चरी अगदी लेबलापर्यंत येतात. परदेशी परीक्षणांत 'या पैशांत उत्तम' म्हणून गौरवलेली गोल पिनेची कार्ट्रिज आपल्याकडे आली की तोंडघशी पडते, ती याचमुळे. त्या परीक्षकाने अतिद्रुत तराणा बाजूच्या शेवटच्या मिनिटात वाजवून पाहिलेला नसतो. आपण कार्ट्रिज निवडायची ती त्या शेवटच्या मिनिटासाठी.

खरेदीआधी एक तपासणी करा. ज्या रेकॉर्डवर आवाज फाटतो, ती सोडून दुसरी एखादी कमी वाजलेली रेकॉर्ड शोधा. वडिलांनी क्वचितच काढलेली अशी एखादी असतेच. तिच्याही शेवटी तसाच आवाज आला तर दोष पिनेत किंवा बसवण्यात. ती स्वच्छ वाजली आणि लाडकीच रेकॉर्ड फाटली, तर त्या रेकॉर्डची चर पूर्वीच झिजलेली असण्याची शक्यता मोठी. १९७०-८०च्या दशकांत आपल्याकडे घरोघरी जे पेटीवजा रेकॉर्ड प्लेअर होते, त्यांत सिरॅमिक किंवा क्रिस्टल कार्ट्रिज असायची, चारपाच ग्रॅम किंवा त्याहून जास्त भाराने चालायची, आणि पिन बदलणं ही गोष्ट वर्षानुवर्षं कुणाच्या ध्यानात यायची नाही. ज्या रेकॉर्डवर सगळ्यात जास्त प्रेम, तीच सगळ्यात जास्त चिरडली गेली. असा नाश पूर्ण भरून येत नाही. पण बारीक पिन कधी कधी चरीच्या भिंतीला जाड पिनेपेक्षा वेगळ्या उंचीवर टेकते, न झिजलेला भाग तिला सापडतो, आणि मेलेली वाटणारी रेकॉर्ड बोलायला लागते. मी हे अनेकदा ऐकलं आहे. दर वेळी होईलच असं मात्र सांगणार नाही.

आता कार्ट्रिज. तुमच्या आर्मवर अर्धा इंच अंतराच्या दोन स्क्रूंनी बसणारी मूव्हिंग मॅग्नेट (पिनेसोबत चुंबक हलतो अशा) जातीची कोणतीही कार्ट्रिज चालेल. तुमच्या परिस्थितीत मी ऑडिओ-टेक्निकाची व्हीएम९५ मालिका सुचवेन. त्यातली प्रत्येकच पिन जगात सर्वोत्तम आहे असं नाही. पण कार्ट्रिजचं अंग एकच ठेवून पुढची पिन तेवढी ओढून बदलता येते, आणि पिनांची पूर्ण उतरंड मिळते: सी म्हणजे गोल, ई म्हणजे लंबगोल, ईएन म्हणजे लंबगोलच पण अख्ख्या हिऱ्याची, एमएल म्हणजे मायक्रोलिनिअर, एसएच म्हणजे शिबाटा (बारीक कडेचाच आणखी एक आकार) आणि एसपी ७८च्या तबकड्यांसाठी. म्हणजे खर्च टप्प्यांत विभागता येतो. आज ई घ्या. वर्षा-दीड वर्षाने पिन झिजेल तेव्हा तिच्या जागी एमएलची पिन लावा. अंग तेच, स्क्रू हलवायचे नाहीत, एकदा केलेली मांडणी फारशी विस्कटत नाही; भार आणि उंची तेवढी पुन्हा पडताळायची.

लंबगोल पिनेने काय फरक पडतो? तिचं टोक समोरून १८ मायक्रॉनचं, पण चरीच्या भिंतींना जिथे टेकतं त्या कडांची त्रिज्या फक्त ८. मघाच्या २१ मायक्रॉनच्या लहरीत ८ मायक्रॉनची कड शिरू शकते. मायक्रोलिनिअरची कड त्याहूनही पातळ, ३ मायक्रॉनच्या आसपास, आणि भिंतीला ती उंच रेघेसारखी टेकते, त्यामुळे भार पसरतो. दोघींतला फरक बाजूच्या सुरुवातीला कदाचित कळणारही नाही. शेवटच्या तीन मिनिटांत लहान मुलालाही कळेल.

पिनेच्या आयुष्याचाही हिशोब मांडा, कारण खरा खर्च तिथे आहे. या कंपनीने स्वतः दिलेले आकडे असे: गोल पिन ५०० तास, लंबगोल ३००, शिबाटा ८००, मायक्रोलिनिअर १०००. एक एलपी पाऊण तासाची धरली आणि रोज एक वाजवली, तर लंबगोल पिन ४०० दिवस पुरते आणि मायक्रोलिनिअर साडेतीन वर्षांहून जास्त. एमएलची किंमत ईच्या तिप्पट धरली तरी तासाला पडणारा खर्च सारखाच येतो, आणि आवाज मात्र पूर्ण काळ वरचा मिळतो. म्हणून हाताशी रक्कम असेल त्याला मी सरळ एमएल घ्यायला सांगतो. नसेल तर ई. गोल पिनेची सी मात्र तुमच्या संग्रहासाठी घेऊ नका.

ऑर्टोफॉनची २एम रेडही चांगली आहे, तीही लंबगोल, आणि तिच्या अंगावर पुढे २एम ब्लूची पिन बसते. रेडचा आवाज थोडा भरीव आणि उजळ, बाहेर पडणारा विद्युतदाबही जास्त, ५.५ मिलिव्होल्ट, व्हीएम९५ईचा ४. स्वस्तात मिळत असेल तर खुशाल घ्या. फक्त शेवटच्या मिनिटाला मला लंबगोलाच्याही पुढची पिन हवी असते, आणि कमी पैशांत तिथवर पोचायचा रस्ता व्हीएम९५ मालिकेत सोपा आहे.

दुकानदाराच्या मूव्हिंग कॉइलबद्दल. या जातीतल्या परवडणाऱ्या कार्ट्रिजांत जिचं नाव हटकून घेतलं जातं ती डेनॉनची डीएल-१०३. जपानच्या सार्वजनिक प्रसारण संस्थेसाठी १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला ती तयार झाली आणि आजही बनते. मला तिच्याबद्दल मनापासून आदर आहे. पण तिची पिन गोल आहे, १६.५ मायक्रॉनची. म्हणजे ज्या रोगासाठी औषध आणायला निघालात, तोच रोग घेऊन याल. शिवाय ती ०.३ मिलिव्होल्ट एवढाच दाब देते, त्यासाठी वेगळा प्रीअँप (कार्ट्रिजचा क्षीण संकेत वाढवणारं यंत्र) लागतो; तिची लवचीकता कमी, तिला जड आर्म लागतो; आणि पिन झिजली की घरी बदलता येत नाही. मूव्हिंग कॉइल म्हणजे आपोआप वरचा दर्जा, हा समज सोडून द्या.

आर्मशी जुळणी हा विषय लोकांना घाबरवतो. त्याचा गाभा एवढाच: पिन ज्या बारीक दांडीवर असते ती स्प्रिंगसारखी लवते, आणि तिच्यावर आर्मचं नि कार्ट्रिजचं वजन टांगलेलं असतं. स्प्रिंग आणि वजन एकत्र आलं की ते एका ठरावीक गतीने हेलकावे खायला तयार असतं. ती गती सेकंदाला ८ ते १२ हेलकावे, म्हणजे ८ ते १२ हर्ट्झ यावी. त्याखाली गेली तर वाकड्या रेकॉर्डच्या चढउतारांनी आर्म झोके घेतो. फार वर गेली तर ऐकू येणाऱ्या खर्जात ढवळाढवळ होते. सूत्र सोपं आहे: आर्मचं परिणामी (पिनेला जाणवणारं) वजन, कार्ट्रिज आणि स्क्रू यांची ग्रॅममधली बेरीज करा, तिला लवचीकतेच्या आकड्याने गुणा, वर्गमूळ काढा आणि १५९ला त्याने भागा. हेडशेलसकट आर्म १२ ग्रॅमचा धरू. २एम रेड ७.२ ग्रॅमची, स्क्रू ०.८, बेरीज २०. तिची लवचीकता २०. गुणाकार ४००, वर्गमूळ २०, उत्तर जवळजवळ ८ हर्ट्झ. चालेल, पण खालच्या काठावर. व्हीएम९५ई ६.१ ग्रॅमची, बेरीज १९. तिच्या कागदावर लवचीकता ७ लिहिलेली असते, पण ती १०० हर्ट्झवर मोजलेली आहे. जपानी कंपन्यांचे आकडे बहुधा असेच असतात, ते दीड ते दोनपट करून घ्यायचे. १२ धरले तर उत्तर साडेदहा हर्ट्झ. अगदी मधोमध. मध्यम वजनाच्या आर्मवर ही कार्ट्रिज का रमते ते यात आलं. यापेक्षा जास्त खोलात जायची गरज नाही.

आता बसवणं. यात घाई केलीत तर वरची सगळी चर्चा वाया जाईल. एक पूर्ण दुपार मोकळी ठेवा. टर्नटेबल पाण्याच्या लेव्हलने समतल करा; गवंड्याकडची छोटी बाटली चालते. हेडशेल काढून टेबलावर, पांढऱ्या कापडावर ठेवा. पिनेवरचं प्लॅस्टिकचं झाकण शेवटपर्यंत काढू नका. मागच्या चार बारीक तारांचे रंग असे: पांढरी डाव्याची, निळी डाव्याची परतीची, लाल उजव्याची, हिरवी उजव्याची परतीची. त्या बारीक चिमट्याने टोकाकडच्या धातूच्या नळीला धरून सरकवा, तार ओढू नका. नळी सैल वाटली तर दातकोरणी आत घालून चिमट्याने किंचित दाबा. स्क्रू हलके, कार्ट्रिज मागेपुढे सरकेल इतपतच आवळा.

मग भार. अँटिस्केट शून्यावर ठेवा, मागचं वजन फिरवत आर्म हवेत आडवा तरंगेल असा करा, चकतीचा आकडा शून्यावर आणा आणि मग २ ग्रॅमपर्यंत वाढवा. व्हीएम९५ईसाठी कंपनीने १.८ ते २.२ ग्रॅमची मर्यादा दिली आहे, २ हा तिचा मूळ आकडा. चकतीवर मात्र विसंबू नका. पिनेचा भार मोजणारा छोटा इलेक्ट्रॉनिक काटा थोडक्या पैशांत मिळतो, तो घ्याच. हे मी कळवळून सांगतो, कारण मी उलटी चूक केली आहे. धंद्यात नवा असताना मला वाटायचं, भार जितका कमी तितकी रेकॉर्ड सुरक्षित. एका गृहस्थांच्या टर्नटेबलवर मी भार कार्ट्रिजच्या मर्यादेखाली, एक ग्रॅमवर ठेवून दिला. सहा महिन्यांनी ते एक एलपी घेऊन आले. जोरकस तानेच्या प्रत्येक जागी दोन्ही भिंती खरवडलेल्या होत्या. हलक्या भाराने पिन चरीत टिकत नाही, उसळते आणि परत आपटते. हिऱ्याचं ते आपटणं घासण्यापेक्षा वाईट. ती रेकॉर्ड परत मिळण्यासारखी नव्हती. तेव्हापासून मी दिलेल्या मर्यादेच्या मध्याखाली कधी जात नाही, आणि तुम्हीही जाऊ नका.

यानंतर कोन. आर्म एका टोकाला खिळलेला असतो, त्यामुळे तो रेकॉर्डवरून कमानीत जातो आणि पिन फक्त दोनच जागी चरीला अगदी समांतर येते. त्या दोन जागा कुठे ठेवायच्या, हे आपल्या हातात आहे. दोन मांडण्या प्रचलित आहेत. बेअरवाल्डची: केंद्रापासून ६६ आणि १२०.९ मिलिमीटर. स्टीव्हन्सनची: ६०.३ आणि ११७.४. पहिली संपूर्ण बाजूभर चूक सारखी वाटून देते, दुसरी बाजूचा शेवट जपते. बहुतेक लोक डोळे मिटून बेअरवाल्ड वापरतात. तुम्ही तसं करू नका. पट्टी घ्या, तुमच्या दहाबारा लाडक्या एलपी काढा, आणि मधल्या भोकाच्या केंद्रापासून शेवटच्या वाजणाऱ्या चरीपर्यंतचं अंतर मोजा. बहुतेक ६३ मिलिमीटरच्या आत येत असतील तर स्टीव्हन्सन लावा. बाहेरच थांबत असतील तर बेअरवाल्ड. लांब बाजूंच्या ख्यालाच्या एलपी भरपूर असतील तर माझा कल स्टीव्हन्सनकडे असतो. छापायचे कोनमापक नकाशे सहज मिळतात. फक्त छापल्यावर पट्टी लावून माप बरोबर उतरलं आहे का ते पाहा, प्रिंटर अनेकदा चित्र किंचित लहान करतो.

नकाशा तबकावर (रेकॉर्ड ठेवायच्या फिरत्या थाळीवर) ठेवा, बिंदूवर पिन अलगद टेकवा आणि वरून भिंगातून पाहा. पिन बिंदूवर हवी, आणि कार्ट्रिजच्या दोन्ही कडा रेघांना समांतर. कार्ट्रिजच्या अंगापेक्षा पिन ज्या दांडीवर आहे त्या दांडीकडे पाहा. कधी कधी ती कारखान्यातूनच केसभर तिरकी येते, आणि खरी तीच. अर्धा मिलिमीटर पुढे, मग आतल्या बिंदूवर पाहा, मग बाहेरच्या, परत मागे. पंधरा-वीस वेळा जुळवावं लागेल. दोन्ही बिंदूंवर जुळलं की स्क्रू आळीपाळीने, थोडे थोडे आवळा. एकदम एक आवळलात तर कार्ट्रिज फिरते आणि दुपार पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. कार्ट्रिज पुढेमागे सरकली की भारही बदलतो, म्हणून काटा परत लावा.

पुढे एक छोटा आरसा तबकावर ठेवून समोरून पाहा: पिन आणि तिचं प्रतिबिंब मिळून एक सरळ उभी रेघ दिसली पाहिजे. 'व्ही' दिसला तर हेडशेलची कॉलर सैल करून किंचित फिरवा. मग उंची. पिन रेकॉर्डवर असताना आर्म बाजूने पाहिला तर रेकॉर्डला समांतर हवा. तुमच्या टर्नटेबलवर आर्मची उंची बदलणारं कडं असेल तर त्याने जुळवा. नसेल तर कार्ट्रिज आणि हेडशेल यांच्यामध्ये पातळ चकत्या घालता येतात. मायक्रोलिनिअर पिन उंचीच्या बाबतीत लंबगोलपेक्षा हट्टी असते, तिला शेपूट खाली किंवा वर चालत नाही. ईला थोडं इकडेतिकडे चालून जातं.

अँटिस्केट शेवटी आणि कानाने. आर्म आपोआप आत ओढला जातो, त्या ओढीविरुद्धचा हा ताण. सुरुवात भाराच्याच आकड्याने, म्हणजे २ वर करा. मग एखादी मोनो ख्यालाची एलपी लावा आणि हेडफोनवर शेवटच्या ताना ऐका. मोनोत दोन्ही कानांना एकच ध्वनी येतो, त्यामुळे कुठला कान आधी बिघडतो ते लगेच कळतं. उजवा आधी फाटला तर अँटिस्केट वाढवा, डावा फाटला तर कमी करा. गुळगुळीत, चरी नसलेल्या तबकडीवर आर्म स्थिर राहतो का, ही चाचणी लोक सांगतात. तिच्यावर जाऊ नका. गुळगुळीत पृष्ठभागावर पिनेचं फक्त टोक टेकतं, चरीत तिच्या दोन्ही बाजू. ओढ वेगळी असते.

प्रीअँपचं थोडक्यात. टर्नटेबलमध्ये आतच प्रीअँप असेल आणि तुमच्या अँप्लिफायरवर 'फोनो' लिहिलेलं तोंड असेल, तर दोन्ही एकदम वापरू नका. आवाज अवजड आणि फाटका येईल. मागच्या बटणाने एकच ठेवा. कार्ट्रिजला ४७ किलोओहम आणि १०० ते २०० पिकोफॅरड एवढा विद्युतभार हवा असतो. लांबलचक केबल घातली की हा दुसरा आकडा वाढतो आणि 'स' उगाच टोचायला लागतो. केबल मीटरभराची पुरे.

७८च्या तबकड्या या पिनेवर लावू नका. त्यांची चर कितीतरी रुंद, पिन तळाशी लोळते आणि लाखेत मिसळलेली खरखरीत भुकटी तिला खाऊन टाकते. व्हीएम९५च्या अंगावर एसपीची पिन लावली, तर ७६ मायक्रॉनचं टोक मिळतं आणि भार ५ ग्रॅम. त्यासाठी तबकाला ७८ची गती हवी आणि मागच्या वजनाने ५ ग्रॅमपर्यंत पोचता यायला हवं, ते आधी पाहा. शक्य झालं तर दुसरं हेडशेल घेऊन त्यावर कायमची मांडणी करून ठेवा. ७८ आणि जुन्या मोनो ईपी वाजवताना अँप्लिफायर मोनोवर टाका. स्टिरिओ पिन खालीवर हलून जो खरखराट उचलते, तो दोन्ही बाजूंचा मिळून कटतो. फरक ऐकून थक्क व्हाल. १९७७मध्ये व्हॉयेजर यानांतून जी सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी अवकाशात गेली, जिच्यावर आपल्या गोव्यातल्या केरीच्या केसरबाई केरकरांचा आवाज आहे, तिच्यासोबत कार्ट्रिज आणि पिनही धाडली आहे. मला ते नेहमी आठवतं. पाठवणाऱ्यांना माहीत होतं की योग्य पिनेवाचून ती तबकडी मुकीच.

रेकॉर्ड धुतल्याशिवाय नवी पिन टेकवू नका. कृष्णाकाठची ओल तुमच्याकडे आहेच; पावसाळ्यानंतर लेबलाच्या कडेने पांढरी बुरशी दिसेल. डिस्टिल्ड पाणी, त्यात थेंबभर सौम्य साबण, मऊ कापड चरींच्या दिशेने, मग नुसत्या डिस्टिल्ड पाण्याचा हात, आणि पंख्याखाली उभी वाळवण. ७८च्या तबकड्यांना स्पिरिट कधीही लावू नका, लाख विरघळते. पिन स्वच्छ करायची ती मागून पुढे, मऊ ब्रशने, दर बाजूनंतर.

हे सगळं झालं की लगेच वडिलांची सगळ्यात लाडकी एलपी लावावीशी वाटेल. थांबा. आधी मघाची ती कमी वाजलेली रेकॉर्ड लावा, पिन थेट शेवटच्या तीन मिनिटांवर सोडा आणि हेडफोन घालून ऐका. तानेच्या टोकाचा षड्ज स्वच्छ लागला आणि त्याच्या मागे तंबोरा वेगळा ऐकू आला, तर मांडणी बसली. अजून घोगरेपणा उरला असेल तर भार २.१ करा, कोनमापक पुन्हा ठेवून आतला बिंदू पडताळा आणि तोच तुकडा परत ऐका. एवढं करून काय ऐकू आलं ते मला कळवा, आणि शेवटच्या चरीचं तुम्ही मोजलेलं अंतरही लिहा.